वसंतातला ओला बर्फ

हिमस्खलन म्हटले की जानेवारीतील हिमवादळ डोळ्यांसमोर येते. हिमालयात मात्र मार्च ते मे या काळात, लखलखीत ऊन पडलेले असतानाही, उतारावरचा बर्फ सुटतो आणि त्याचे कारण निराळे असते. हिवाळ्यात बहुधा ताज्या हिमाचा भार खालच्या कच्च्या थराला पेलवत नाही व वरचा अख्खा थर घसरतो. वसंतात वितळलेले पाणी बर्फात झिरपून कणांना जखडणारे सांधे सैल करते आणि खालच्या कठीण थरावर साचून वरच्या बर्फाची पकडच घालवते. असा लोंढा कोरड्या भुकटीपेक्षा संथ असतो, पण फार जड; ताजे हिम घनमीटरला साधारण 100 किलो भरते, तर पाणी मुरलेला बर्फ 400 ते 500 किलो, आणि थांबताच तो इतका घट्ट आवळतो की गाडल्या गेलेल्याला बोटही हलवता येत नाही.

धोका किती, हे दिवसाच्या उन्हाइतकेच आदल्या रात्रीच्या आकाशावर ठरते, आणि नेमके हेच मैदानी प्रदेशातून गेलेल्यांच्या ध्यानात येत नाही. निरभ्र रात्री बर्फाचा पृष्ठभाग उष्णता आकाशात सोडून गोठतो, त्यावर कडक पापुद्रा धरतो आणि पहाटे बुटाचा जेमतेम ओरखडा उमटतो. रात्र ढगाळ गेली तर ही उष्णता अडते, पापुद्रा धरत नाही आणि सकाळीच पाय घोट्यापर्यंत, पुढे गुडघ्यापर्यंत रुतू लागतो, तेव्हा 30 ते 45 अंशांच्या उतारावरून माघारी फिरणेच शहाणपणाचे. सूर्यामागोमाग आधी पूर्वेकडील, मग दक्षिणेकडील आणि शेवटी पश्चिमेकडील उतार सैल होतात. गिर्यारोहक मध्यरात्रीनंतर निघून उन्हे चढण्यापूर्वी परततात ते यामुळेच.

मात्र हा प्रश्न केवळ गिर्यारोहकांचा नाही. सिक्कीममध्ये गंगटोक–नथुला रस्त्यावर 4 एप्रिल 2023 रोजी दुपारच्या सुमारास झालेल्या हिमस्खलनात सात पर्यटक दगावले. एप्रिल-मेच्या सुट्टीत हिमाचल-उत्तराखंडला पदभ्रमणासाठी जाणाऱ्या मराठी मंडळींची संख्या मोठी आहे, आणि पायाखालचा रस्ता सपाट असला तरी डोक्यावरचा उतार तसा नसतो. संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेची चंदीगड येथील डीजीआरई ही प्रयोगशाळा हिमस्खलनाचे इशारे देते; ते विस्तृत टापूसाठी असल्याने, एखाद्या घळीतला बर्फ आदल्या रात्री गोठला की नाही, हे तिथे उभ्या असलेल्यालाच पाहावे लागते.