कोणते पान कोणासाठी?

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात हिंजवडी हे गाव आहे. एके काळी येथे शेती होत असे. पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभारले. मोठमोठ्या कंपन्या आल्या, उंच इमारती उभ्या राहिल्या आणि जमिनीला सोन्याचा भाव आला. जमीन महाग झाली की तिची नोंद फार जपावी लागते. एका खोट्या नोंदीमुळे एखाद्या कुटुंबाची जमीन वादात सापडू शकते.

ही नोंद म्हणजे सातबारा. जमीन कोणाची व किती आहे, हे गाव नमुना सातमध्ये असते. तिच्यात कोणती पिके घेतली, हे गाव नमुना बारामध्ये असते. दोन्ही मिळून सातबारा होतो. पूर्वी तो तलाठ्याच्या दप्तरात असे. उतारा हवा असेल तर चावडीवर जावे लागे. तलाठी भेटला नाही, तर हेलपाटा पडे. आता सातबारा शासनाच्या ‘महाभूलेख’ या संकेतस्थळावर पाहता येतो. दप्तर, महसूल, तालुका, अर्ज, हक्क हे शब्द तर तुमच्या ओळखीचेच आहेत!

दप्तर कपाटात होते, तेव्हा किल्ली तलाठ्याजवळ असे. संकेतस्थळ मात्र घरबसल्या कोणीही उघडू शकतो. मग कोणीही दुसऱ्याच्या जमिनीवर आपले नाव लिहील काय? नाही. याचे कारण समजून घेऊ.

संकेतस्थळाची पाने दूरच्या एका संगणकावर ठेवलेली असतात. त्याला सर्व्हर म्हणतात. आपण पान मागतो आणि सर्व्हर ते पाठवतो. पाठवण्यापूर्वी तो दोन प्रश्न विचारू शकतो. पहिला प्रश्न, तुम्ही कोण? दुसरा प्रश्न, तुम्हाला कशाची परवानगी आहे? शाळेचा पहारेकरी विद्यार्थ्याला ओळखतो व आत सोडतो. पण म्हणून विद्यार्थ्याला हजेरीपटात लिहिता येत नाही. ओळख ही एक गोष्ट आणि अधिकार ही दुसरी गोष्ट.

सातबाऱ्याची पाने याच रीतीने वाटलेली आहेत. साधा सातबारा कोणालाही फुकट पाहता येतो. तो फक्त माहितीसाठी असतो. सरकारी कामासाठी डिजिटल सहीचा सातबारा लागतो. ही सोय १ मे २०१८ रोजी सुरू झाली. त्यासाठी आपली ओळख द्यावी लागते आणि १५ रुपये भरावे लागतात. नोंद बदलण्याची पाने मात्र नागरिकांना उघडत नाहीत. ती महसूल अधिकाऱ्यांसाठी आहेत. तेथेही सारे अधिकार एकाच्या हाती नाहीत. तलाठी, म्हणजे आताचा ग्राम महसूल अधिकारी, फेरफाराची नोंद घेतो आणि मंडळ अधिकारी ती तपासून मंजूर करतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पानाकडे नेणारे बटण लपवले, म्हणजे पान सुरक्षित झाले असे नाही. दाराला पडदा लावला तर दार दिसत नाही, पण ते बंदही होत नाही. ज्याला पानाचा पत्ता ठाऊक आहे, तो सरळ तेथे जाईल. म्हणून प्रत्येक पान देताना सर्व्हरने दोन्ही प्रश्न विचारलेच पाहिजेत. दुसरी गोष्ट पासवर्डची. सर्व्हरला माणसाचा चेहरा दिसत नाही. त्याला फक्त पासवर्ड किंवा मोबाइलवर आलेला सांकेतिक अंक दिसतो. तो आपण दुसऱ्याला सांगितला, तर सर्व्हर त्यालाच आपण समजतो.

मग सारीच पाने बंद ठेवणे चांगले नाही का? नाही. फेरफाराची नोंद घेतल्यावर तिची नोटीस काढली जाते आणि हरकत घेण्यासाठी १५ दिवस मिळतात. ही नोटीस ‘आपली चावडी’ या पानावर सर्वांना पाहता येते. समजा, हिंजवडीतील एका कुटुंबाचा मुलगा दूरच्या शहरात नोकरी करतो. आपल्या शेताचा फेरफार निघाला आहे, हे त्याला तेथूनही कळू शकते. तो वेळेवर हरकत घेऊ शकतो. हे पान बंद असते, तर खोटी नोंद अंधारात राहिली असती.

म्हणजे लिहिण्याची पाने बंद ठेवल्याने जमिनीचे रक्षण होते आणि वाचण्याची पाने उघडी ठेवल्यानेही रक्षणच होते. कोणते दार कोणासाठी उघडावे, हे संगणक आपल्या मनाने ठरवत नाही. ते माणसे ठरवतात. म्हणून ते नीट विचार करून व सर्वांचे हित पाहून ठरवले पाहिजे.