निकामी बॅटऱ्या व विजेचें भंगार

पूर्वीं शेतकऱ्याचें अवजार मोडलें तर त्यांतील लोखंड लोहाराकडे व लांकूड चुलीकडे जाई. जमिनीस त्यापासून उपद्रव होत नसे. आतां आमच्या सोलापूर जिल्ह्यांत डाळिंबाच्या बागेंत बॅटरीवरचा फवारणी पंप, विहिरीवर मोबाईलनें चालणारा स्टार्टर व माळावर सौरपंप दिसूं लागला आहे. हीं साधनें सोयीचीं आहेत यांत शंका नाहीं. परंतु तीं निकामी झाल्यावर त्यांचें काय करावें, याचा विचार फारसा होत नाहीं. सबब त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सर्वांत अधिक भय जुन्या बॅटरीचें आहे. ट्रॅक्टरच्या व पुष्कळशा फवारणी पंपांच्या बॅटरींत शिशाच्या पट्ट्या व गंधकाचें तेजाब असतें. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिशाचाच असतो. तेजाब सांडल्यास आमची चुनखडीयुक्त काळी माती त्याचा जोर पुष्कळ अंशीं मोडते. पण शिसें कुजून नाहींसें होत नाहीं. तें मातीच्या वरच्या थरांत पिढ्यान्‌पिढ्या राहतें आणि धुळीबरोबर कडब्यावर व घरांत येतें. फुटक्या बॅटरीच्या पट्ट्या गुरें चाटतात. त्यायोगें जनावर आंधळें होतें, दांत खातें, तोंडास फेंस व अंगास झटके येतात, आणि पुष्कळदां उपचारापूर्वींच तें दगावतें. लहान मुलांच्या मेंदूस तर शिशाचा अल्प अंशही बाधक होय. म्हणून जुनी बॅटरी गोठ्याजवळ ठेवूं नये व घरीं कदापि फोडूं नये. लिथियमची बॅटरी ठेंचल्यास पेट घेते. ती कडब्याच्या गंजीपासून दूर असावी.

दुसरी वाईट चाल म्हणजे तांब्यासाठीं तारा जाळणें. तारेवरील प्लॅस्टिकच्या धुरांत डायॉक्सिन नांवाचें विष असतें. तें चाऱ्यावर बसतें व दुधांत उतरतें. तारा सोलाव्या किंवा तशाच विकाव्या. तांब्याचें मोल कमी होत नाहीं.

सन २०२२ मध्यें जगांत सुमारें ६ कोटी २० लक्ष टन विजेच्या उपकरणांचा कचरा झाला; त्यांपैकीं शेंकडा २२ च्या सुमारासच रीतसर गोळा झाल्याची नोंद आहे. त्याच वर्षीं केंद्र सरकारनें बॅटरीच्या कचऱ्याचे नियम केले. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आले व सौर पाट्याही त्यांत आल्या. जुन्या मालाचा रीतसर पुनरुपयोग करविण्याची जबाबदारी आतां उत्पादकांवर आहे.

शेतकरी बंधूंनीं काय करावें? दुरुस्त होण्याजोगी वस्तु भंगारांत घालूं नये. नवी बॅटरी घेतांना जुनी तेजाबासह दुकानदारास देऊन तिची किंमत वजा करून घ्यावी. सौरपंपाचीं कागदपत्रें जपून ठेवावीं. पाटी फुटल्यास तीं उपयोगीं पडतात. उरलेल्या स्टार्टर, मोबाईल, दिवे इत्यादि वस्तु एकट्याच्या थोड्या असतात, म्हणून नोंदणीकृत कारखानदार त्यांसाठीं खेड्यांत येत नाहीं. रब्बीची सुगी आटोपल्यावर वर्षांतून एकदां गांवच्या सोसायटीनें फरशीच्या, छपराखालच्या जागेंत हा माल एकत्र करावा, वजनाची पावती द्यावी व तो नोंदणीकृत कारखान्यासच विकावा. त्याविषयीं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापूर येथील कार्यालयाकडे चौकशी करावी.

भंगाराचे चार पैसे आज मिळतील. पण शिशानें बिघडलेली जमीन पैसे देऊनही सहसा पूर्ववत् होत नाहीं, हें ध्यानांत असावें.