पत्तापुस्तिका, ई-मेल

पत्तापुस्तिका, ई-मेल : डेस्कटॉप संगणकावर पत्रव्यवहारासाठी बसविलेल्या ई-मेल आज्ञावलीत (प्रोग्रॅममध्ये) व्यक्तींची व संस्थांची नावे, ई-मेल पत्ते, दूरध्वनी क्रमांक, टपालाचे पत्ते इ. माहिती ज्या नोंदवहीत साठविलेली असते, तीस पत्तापुस्तिका असे म्हणतात. कागदी नोंदवहीतील चूक डोळ्यांना दिसते. या पुस्तिकेतील नोंदी मात्र आज्ञावली स्वतः वाचते, पुरविते व कित्येकदा स्वतःच लिहितेही. त्यामुळे तिच्यातील दोषांचे दोन वर्ग पडतात : पुस्तिका रिकामी दिसणे, अक्षरे बिघडणे यांसारखे स्वतःहून दिसून येणारे दोष आणि पत्र चुकीच्या किंवा बंद पडलेल्या पत्त्यावर जाऊनही लक्षात न येणारे दोष. पहिल्या वर्गातील दोषांनी गैरसोय होते, तर दुसऱ्या वर्गातील दोषांनी खरी हानी होते.

इतिहास : रे टॉमलिन्सन या अमेरिकी अभियंत्याने १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर ई-मेल पाठविली व पत्त्यात ॲट या चिन्हाची योजना केली. संस्थांच्या सामाईक पत्तासूचीसाठी १९८८ मध्ये एक्स.५०० हे आंतरराष्ट्रीय मानक सिद्ध झाले आणि १९९३ मध्ये त्याची सुटसुटीत आवृत्ती असलेली एलडॅप ही पद्धती प्रसिद्ध झाली. भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्यानंतर कार्यालयांतून आउटलुक, आउटलुक एक्सप्रेस व पुढे थंडरबर्ड (पहिली पूर्ण आवृत्ती २००४) या आज्ञावली रूढ झाल्या. नोंदींच्या देवाणघेवाणीसाठी व्हीकार्ड हे प्रारूप १९९० नंतरच्या दशकात पुढे आले. त्याची चौथी आवृत्ती व पत्तापुस्तिका सर्व्हरवर ठेवण्याची कार्डडॅव्ह ही पद्धती, ही दोन्ही २०११ मध्ये प्रमाणित झाली.

रचना : वापरणाऱ्यास जी एकच पुस्तिका वाटते, ती वस्तुतः चार स्वतंत्र गोष्टींची मिळून बनलेली असते. (१) नोंदींची मूळ फाइल. आउटलुक एक्सप्रेसमध्ये ही फाइल डब्ल्यूएबी या प्रकारची असे. आउटलुकमध्ये नोंदी पत्रांसह एकाच मोठ्या फाइलीत किंवा सर्व्हरवरील खात्यात असतात. थंडरबर्डमध्ये त्या आता एसक्यूलाइट प्रकारच्या फाइलीत असतात. (२) प्रोफाइल, म्हणजे ती फाइल कोठे आहे हे आज्ञावलीस सांगणाऱ्या मांडणीचा संच. (३) पत्ता लिहिताना पहिली एकदोन अक्षरे उमटताच पुढे येणारी सूचनांची यादी. (४) संस्थेच्या सर्व्हरवरील सामाईक सूची व संगणकावर उतरवून घेतलेली तिची प्रत. दोष यांपैकी नेमका कोठे आहे, हे ओळखणे म्हणजेच निम्मे निवारण होय.

पुस्तिका नाहीशी झाल्याचा भास : सर्वाधिक आढळणारी तक्रार ही होय. बहुतेक प्रसंगी फाइल जागेवर असते व तिच्याकडे निर्देश करणारी प्रोफाइल बदललेली असते. थंडरबर्डच्या ६८ व्या आवृत्तीपासून (२०१९) आज्ञावलीच्या प्रत्येक स्वतंत्र प्रतीस वेगळी प्रोफाइल मिळू लागली. त्यामुळे आज्ञावली दुसऱ्या ठिकाणी बसविताच पुस्तिका रिकामी दिसते. प्रोफाइलींच्या व्यवस्थापकातून जुनी प्रोफाइल निवडताच नोंदी पूर्ववत दिसतात. आउटलुकमध्ये संपर्कांचा फोल्डर शाबूत असूनही पत्ता निवडण्याची चौकट रिकामी राहते. अशा वेळी त्या फोल्डरच्या गुणधर्मांत जाऊन ‘हा फोल्डर पत्तापुस्तिका म्हणून दाखवावा’ अशा अर्थाचा पर्याय चालू करावा लागतो.

दुसरे कारण पत्रे आणणाऱ्या पद्धतींच्या मर्यादेत आहे. पॉप व आयमॅप या पद्धती पत्रांची ने-आण करतात, पत्तापुस्तिकेची करीत नाहीत. म्हणून नव्या संगणकावर खाते जोडल्यावर जुनी पत्रे दिसतात, परंतु पुस्तिका येत नाही. ती फाइलीच्या रूपाने वेगळी न्यावी लागते किंवा कार्डडॅव्हसारख्या पद्धतीने जोडावी लागते.

फाइलीची हानी : वीज अकस्मात जाणे, तबकडी भरणे, एकच फाइल दोन संगणकांवरून एकाच वेळी उघडली जाणे या कारणांनी फाइल बिघडते. अशा वेळी आज्ञावली काढून पुन्हा बसविण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण त्याने बिघडलेली फाइल सुधारत नाही, उलट चांगली प्रत पुसली जाण्याचा संभव असतो. आज्ञावली बंद करून प्रथम संपूर्ण प्रोफाइल दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवावी व दुरुस्तीचे प्रयोग त्या प्रतीवर करावेत. आउटलुक एक्सप्रेसची पुस्तिका स्वतःची एक राखीव प्रतही ठेवीत असे व तिचे नाव बदलून नोंदी परत मिळविता येत. आउटलुकच्या फाइलीसाठी दुरुस्तीचे साधन आज्ञावलीबरोबरच मिळते.

स्थलांतरातील दोष : जुन्या आज्ञावली सोडून नव्या स्वीकारणे कार्यालयांस टळत नाही. आउटलुक एक्सप्रेसचा आधार असलेल्या विंडोज एक्सपीचे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले. विंडोजमधील मेल व पीपल या आज्ञावलींचे साहाय्य ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपले. प्रत्येक वेळी पुस्तिका स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या फाइलीतून, म्हणजे सीएसव्हीतून, पुढे नेली जाते व तेथे तीन दोष वारंवार उद्भवतात. एक, रकान्यांची नावे न जुळल्याने ई-मेल पत्ता टिपणांच्या रकान्यात जाऊन पडतो. दोन, गट म्हणून केलेल्या याद्या या प्रारूपात येत नाहीत; व्यक्ती येतात, पण गट मोडतो. तीन, मधल्या टप्प्यात फाइल तक्ते करण्याच्या आज्ञावलीत उघडल्यास आकड्यांचा आरंभीचा शून्य गळतो. पालघर, बोईसर व तारापूर येथील दूरध्वनींचा ०२५२५ हा विभागसंकेत अशा रीतीने २५२५ असा उरतो. त्यावर उपाय म्हणजे फाइल थेट न उघडता ती आयात करणे व दूरध्वनीचा रकाना ‘मजकूर’ या प्रकारचा आहे असे आयातीच्या वेळी सांगणे.

देवनागरी नोंदी : मराठी नावांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. युनिकोडपूर्व काळात अनेक कार्यालयांनी श्रीलिपी, कृतीदेव यांसारख्या अक्षरसंचांत नावे टंकलिखित केली. अशा नोंदींत प्रत्यक्षात रोमन वर्णांचेच संकेत साठविलेले असतात. विशिष्ट अक्षरसंच नसला की त्या जागी निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. त्या परिवर्तक आज्ञावलीने युनिकोडमध्ये उतरवून घ्याव्या लागतात. युनिकोडमधील नोंदीही सीएसव्ही करताना जुन्या वर्णसंकेतनात साठविल्यास प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येते. हा नाश कायमचा असतो, कारण मूळ संकेतच पुसले जातात. याउलट, यूटीएफ-८ या संकेतनातील फाइल दुसऱ्या संकेतनात वाचली गेल्यास विचित्र चिन्हांची लांबलचक ओळ दिसते. येथे माहिती शाबूत असते. योग्य संकेतन निवडून पुन्हा आयात केल्यास ती परत मिळते. हे दोन दोष दिसायला सारखे वाटले, तरी त्यांतील हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

मराठीतील अर्ध्या र-चे लेखन हेही शोधातील अपयशाचे एक कारण आहे. कुऱ्हाडे हे आडनाव ऱ या वर्णाच्या संकेताने किंवा र, हलन्तचिन्ह व अदृश्य जोडचिन्ह यांच्या साहाय्याने, असे दोन प्रकारे साठविता येते. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, परंतु एका रूपाने शोध घेतल्यास दुसरे सापडेलच असे नाही. मग नोंद नाही असे समजून ती पुन्हा केली जाते व पुस्तिकेत दुबार नोंदी वाढतात.

चुकीची सूचना : सूचनांची यादी ही पत्तापुस्तिका नव्हे. आउटलुकच्या २००७ पर्यंतच्या आवृत्त्यांत ती एनके२ या वेगळ्या फाइलीत असे. पुढे ती टपालखात्यातच साठविली जाऊ लागली. पुस्तिकेतील पत्ता सुधारल्यावरही या यादीत जुना पत्ता शिल्लक राहतो व लिहिताना तोच प्रथम पुढे येतो. संस्थेच्या सर्व्हरवर एखाद्याचे खाते नव्याने उघडले असता त्याची अंतर्गत ओळखखूण बदलते. तेव्हा पत्ता अचूक दिसत असूनही पत्र परत येते. दोन्ही प्रसंगी ती सूचना यादीतून काढून पत्ता पुस्तिकेतून नव्याने निवडावा.

ज्यांना पत्र पाठविले त्यांचे पत्ते आपोआप टिपून ठेवण्याची सोय थंडरबर्डसारख्या आज्ञावलींत असते. तिचा धोका असा की, पुरवठादाराच्या पत्त्याशी एका अक्षराने भिन्न अशा बनावट पत्त्यास एकदा उत्तर दिले गेले की तो पत्ताही ओळखीच्यांत जमा होतो. पुढच्या वेळी बँक खाते बदलल्याचे बनावट पत्र आले, तर ते परिचिताकडून आल्यासारखे भासते. म्हणून पैशाच्या व्यवहारातील बदलाची खातरजमा पत्रातील नव्हे, तर पूर्वीपासून नोंदलेल्या दूरध्वनी क्रमांकावरून करावी.

कालबाह्य नोंदी : पुस्तिकेचा सर्वांत गंभीर दोष आज्ञावलीत नसतो, तर नोंद खरी राहिलेली नसते यात असतो. पालघर–बोईसर–तारापूर हा परिसर याचे बोलके उदाहरण आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्याचा ३६ वा जिल्हा अस्तित्वात आला. तोपर्यंतच्या नोंदींत या भागातील सर्व पत्ते ‘जि. ठाणे’ असे होते आणि अनेक विषयांचा पत्रव्यवहार ठाणे येथील जिल्हा कार्यालयांशी होत असे. जिल्हा बदलल्याने नोंदीतील एकच शब्द बदलला असे नाही, तर संबंधित अधिकारी, कार्यालय व ई-मेल पत्ता हेही बदलले. १ एप्रिल २०१९ रोजी देना व विजया या बँका बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या, तेव्हाही त्यांच्या शाखांचे जुने ई-मेल पत्ते असेच निरुपयोगी ठरले.

स्थलनामांचा घोळ याहून वेगळा आहे. तारापूर या नावाने समुद्रकाठचे गाव, बोईसरला लागून असलेली औद्योगिक वसाहत आणि १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू केलेले अणुविद्युत् केंद्र असा तिहेरी बोध होतो. टपालाच्या पिनसंकेतांत ही ठिकाणे वेगळी आहेत : बोईसर ४०१५०१, तारापूर ४०१५०२, अणुविद्युत् केंद्राची वसाहत ४०१५०४ व औद्योगिक वसाहत ४०१५०६. गुजरातमधील आणंद व बिहारमधील मुंगेर या जिल्ह्यांतही तारापूर आहे. शिवाय बोइसर व बोईसर अशी दोन्ही लेखने प्रचलित आहेत. केवळ गावाच्या नावावरून बनविलेल्या गटात त्यामुळे काही नोंदी सुटतात, तर काही भलत्याच येतात. गट पिनसंकेतावरून बनविल्यास हा दोष टळतो.

औद्योगिक वसाहतीत रसायने व औषधे यांचे अनेक कारखाने आहेत. घातक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांनुसार, ज्या कारखान्यांत ठरावीक मर्यादेहून अधिक घातक रसायने असतात, त्यांच्या चालकाने कारखान्यापुरती आपत्कालीन योजना तयार करून ती अद्ययावत ठेवणे बंधनकारक आहे. अशा योजनेत कोणास कळवावयाचे याची सूची असते. ती सूची पत्तापुस्तिकेतील एक गट म्हणून ठेवलेली असेल व त्यातील एखाद्या अधिकाऱ्याची बदली झालेली असेल, तर सूचना पोहोचली असा समज होतो, प्रत्यक्षात ती कोणी वाचत नाही. बंद खात्यावरून पत्र परत येते, परंतु चालू असूनही न उघडल्या जाणाऱ्या खात्याविषयी आज्ञावली काहीच सांगत नाही. म्हणून अशा सूचीत व्यक्तीऐवजी पदाचा पत्ता ठेवावा, त्यापुढे पडताळणीचा दिनांक लिहावा, सरावाच्या वेळी प्रत्येकाकडून पोच मागवावी आणि दूरध्वनी क्रमांकांसह छापील प्रत भिंतीवर लावावी.

निदानाचा क्रम : (१) काहीही बदलण्यापूर्वी प्रोफाइलची प्रत घ्यावी. (२) पुस्तिका रिकामी असेल, तर फाइल संगणकावर आहे का ते पाहून मग प्रोफाइल तपासावी. (३) एकच नोंद अडत असेल, तर ती सूचनांच्या यादीतील आहे की पुस्तिकेतील, हे ठरवावे. (४) पत्ता हाताने संपूर्ण टंकलिखित करून पाहावा; तसे केल्यावर पत्र पोहोचल्यास दोष नोंदीत आहे, न पोहोचल्यास पत्ता किंवा सर्व्हर यांत आहे. पत्त्याच्या शेवटी राहिलेले रिकामे स्थान किंवा अदृश्य चिन्ह याच कसोटीने उघड होते. (५) परत आलेल्या पत्रातील कारण वाचावे; ‘असा वापरकर्ता नाही’ व ‘असे क्षेत्रनाम नाही’ ही कारणे भिन्न आहेत. (६) आज्ञावली नव्याने बसविणे हा अखेरचा उपाय समजावा.

जतन : संगणक व भ्रमणध्वनी यांतील पुस्तिका एकमेकींशी जुळत्या ठेवण्याची सोय म्हणजे राखीव प्रत नव्हे, एका ठिकाणी पुसलेली नोंद दुसरीकडेही पुसली जाते. ठरावीक काळाने व्हीकार्ड प्रारूपात संपूर्ण पुस्तिका वेगळी उतरवून ठेवणे श्रेयस्कर असते, कारण बहुतेक आज्ञावली ते वाचू शकतात व चौथ्या आवृत्तीत यूटीएफ-८ हेच संकेतन अनिवार्य असल्याने देवनागरी सुरक्षित राहते. गट मात्र वेगळे तपासून घ्यावेत. पत्तापुस्तिकेत इतरांची वैयक्तिक माहिती असते. म्हणून अशा प्रती पासवर्डने संरक्षित ठेवाव्यात आणि जुना संगणक विकण्यापूर्वी त्यातील पुस्तिका पूर्णपणे नष्ट करावी.