थंड असताना चालणारी बुलेट

दिवाळीची सुट्टी संपवून मुलाला शाळेत सोडायला निघालो होतो. संध्याकाळी पाचच्या आत हजेरी. हेब्बाळच्या उड्डाणपुलावर चढलो आणि आमची जुनी साडेतीनशेची बुलेट एकदम गप्प झाली. मागून बसचे हॉर्न. मुलाला रिक्षात बसवून पुढे येलहंक्याला पाठवले आणि गाडी ढकलत मी पुलाखाली आलो. पंधरा-वीस मिनिटांनी सहज किक मारली, तर पहिल्याच किकला सुरू! मुलाला मात्र उशीर झाला तो झालाच, आणि उशिरा येणाऱ्या कॅडेटला काय मिळते ते वाचकांना मी सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये नेली तेव्हा ती थंड होती, म्हणजे ठणठणीत. मेकॅनिकला दोष दिसेना. मीच उतावीळपणे म्हणालो, प्लग, कंडेन्सर, कॉइल, तिन्ही बदलून टाका. जुने भाग मागून घेतले, एवढेच काय ते शहाणपण केले.

तीन आठवड्यांनी दोड्डबळ्ळापूर रस्त्यावर गाडी पुन्हा बंद पडली. तिथे काय केले ते कळायला आधी ठिणगी पडते कशी ते पाहायला हवे.

बॅटरीत व्होल्ट अवघे १२. सिलिंडरमध्ये दाबल्या गेलेल्या हवा-पेट्रोलच्या मिश्रणातून ठिणगी उडायला मात्र दहा-पंधरा हजार व्होल्ट लागतात. हे काम कॉइल करते. तिच्यात लोखंडी गाभ्यावर तारेचे दोन वेढे असतात: एक जाड तारेचा, थोड्या फेऱ्यांचा, दुसरा केसासारख्या बारीक तारेचा, हजारो फेऱ्यांचा. पॉइंट मिटलेले असताना जाड तारेतून प्रवाह वाहतो आणि गाभ्यात चुंबकत्व साठते. पिस्टन वर पोचायच्या किंचित आधी कॅम पॉइंट उघडतो, प्रवाह तुटतो, चुंबकत्व कोसळते आणि बारीक तारेत हजारो व्होल्ट उठतात. हे तत्त्व मायकेल फॅरेडेने १८३१ साली शोधले. मुलांचा गोंधळ एका ठिकाणी होतो. ठिणगी पडते ती प्रवाह सुरू होताना नव्हे, तुटताना. आणि तो झटक्यात तुटावा लागतो. पॉइंट उघडताना प्रवाह त्यांच्याच फटीतून उडी मारू पाहतो. ती धडक कंडेन्सर स्वतःत सामावून घेतो. बोटाच्या पेराएवढी डबी, पण ती बिघडली की पॉइंटवर ठिणग्या आणि प्लगवर नुसता पिवळा धागा. म्हैसूरच्या कारखान्यात १९९६ पर्यंत बनलेल्या येझदींपैकी बहुतेक गाड्यांतही हीच मांडणी आहे, तेव्हा कुणाच्या घरी आजोबांची येझदी असेल तर हे सगळे तिलाही लागू.

आता दोड्डबळ्ळापूर रस्ता. या वेळी मी गाडी थंड होऊ दिली नाही. आधी प्लग काढला. टोक पेट्रोलने ओले होते, म्हणजे पेट्रोल पोचत होते. (कोरडे असते तर टाकीच्या झाकणाचे भोक तुंबले आहे का ते पाहिले असते, ते तुंबले तरी गाडी अशीच चालता चालता मरते आणि माणूस वायरिंग उसवत बसतो.) प्लग कॅपमध्ये बसवून त्याचे धातूचे अंग सिलिंडरच्या पात्यांना टेकवले आणि किक मारली. ठिणगी होती, पण पिवळी, मरतुकडी. हे करताना प्लग त्याच्या भोकापासून आणि कार्ब्युरेटरपासून लांब धरायचा, कारण भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर पडते. आणि कॅप उघड्या हाताने धरायची नाही.

जुन्या बुलेटच्या हेडलाइटवरचा अँमीटर बहुतेकांना शोभेचा वाटतो. दिवा बंद ठेवून चावी लावा आणि किक हळूहळू दाबा. पॉइंट मिटले की काटा उणेकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. काटा असा हलला तर बॅटरी, फ्यूज, चावीचा स्विच, कॉइलची जाड तार आणि पॉइंट, सगळे एका किकेत पास. काटा हललाच नाही तर प्रवाह वाटेत कुठेतरी तुटला आहे किंवा पॉइंटवर मळ आहे. उणेकडेच चिकटून राहिला तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कंडेन्सर आतून शॉर्ट झाला आहे. मात्र पॉइंट मिटलेले ठेवून चावी चालू सोडू नये, कॉइल तापते.

माझा काटा व्यवस्थित हलत होता. पॉइंटचे झाकण काढले. फट फिलर गेजने पाहिली, ०.३५ ते ०.४० मिलिमीटरमध्ये होती. किक मारली, तर पॉइंटवर निळ्या ठिणग्या नाचत होत्या. बोट सरळ कंडेन्सरकडे जात होते, पण मन तयार होईना: तो तर नवा कोरा! नवा म्हणजे चांगला, हे मी गृहीतच धरले होते. जुना कंडेन्सर टूलबॉक्समध्ये पडून होता. हात भाजून घेत तो बसवला. दुसऱ्या किकला गाडी सुरू.

पण जुना कंडेन्सर चांगला होता, तर हेब्बाळला काय झाले होते? तीन वस्तू एकदम बदलल्यामुळे ते समजायला मार्गच उरला नव्हता. मग उलटे निघालो. एका रविवारी जुना प्लग लावून न्यू टाउनच्या गल्ल्यांत अर्धा तास फिरलो. काही झाले नाही. पुढच्या रविवारी मुलाला आउटपास होता. नवा प्लग परत बसवला, फक्त कॉइल जुनी लावली आणि दोघे निघालो. अठराव्या मिनिटाला गाडी बंद. काटा हलत होता, पॉइंट शांत होते, प्लगवर काहीच नाही. मुलाने मल्टिमीटर लावला: बारीक तारेचा वेढा तुटलेला. रस्त्याकडेला चहा पिऊन अर्ध्या तासाने पुन्हा मोजले तर सात हजार ओहमच्या आसपास, अगदी निरोगी! आत कुठेतरी तुटलेली तार तापली की दूर सरकत होती आणि निवली की टेकत होती. थंड गाडीवर हा दोष कोणत्याही गॅरेजला सापडला नसता.

मुलाने दोन्ही आकडे आणि वेळ वहीत लिहून घेतली, आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाला, “बाबा, आता नवी कॉइल लावा, पाचला हजेरी आहे.”