पन्नास माणसांच्या भजनाला किती वॅट लागतात?

ज्यांना हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायचाय त्यांच्यासाठी हे लिखित रूप. आजचा विषय आहे छोटी साउंड सिस्टीम. एकट्याला उचलता आली पाहिजे, मोटरसायकलवर नेता आली पाहिजे आणि लाइट गेली तरी चालली पाहिजे.

आधी हे डोक्यात का आलं ते सांगतो. मी बारामतीत वाढलो, बीटेक केलं, आता दिवसभर कोड लिहितो. पण मूळ गाव इंदापूर तालुक्यातलं, निमगाव केतकीच्या बाजूला. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते, तो हा पट्टा. इथे भजनी मंडळ नाही असं गाव सापडणं अवघड. आमचे आबा, म्हणजे आजोबा, त्याच मंडळात गातात. मागच्या वर्षी त्यांनी जाणं कमी केलं. विचारलं तर म्हणाले, "आरं, माझा आवाज आता टाळात बुडतो. नुसतं बसून काय करू?"

मला वाटलं, सोपंय की! बाजारातून एक डबा आणला, वर लिहिलेलं '1000 वॅट'. एकादशीला देवळात लावला. आबांनी तोंड उघडलं आणि डब्याने अशी शिट्टी मारली की पोरं कान धरून पळाली. आबांनी माइक खाली ठेवला. "ह्यो गातोय का मी गातोय?" सगळे हसले, पण त्या रात्री ते पुन्हा गायले नाहीत. मला ते लागलं. मग नीट अभ्यासाला बसलो.

पहिली गोष्ट, डब्यावरच्या वॅटवर जाऊ नका. 'पीएमपीओ' लिहिलेला आकडा क्षणभराचा आणि फुगवलेला असतो. बघायचा तो आरएमएस. आणि त्याहून महत्त्वाची स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे 1 वॅट दिल्यावर 1 मीटरवर किती डेसिबल आवाज येतो ते. घरगुती छोटा स्पीकर साधारण 86 देतो. स्टेजसाठी बनवलेला 10 इंची स्पीकर 96 देतो. फरक 10 डेसिबलचा, पण तो भरून काढायला 10 पट वॅट लागतात. म्हणून खर्च करायचा तो स्पीकरवर.

आता हिशोब करू. 96 चा स्पीकर, 30 वॅट दिले. वॅट दुप्पट झाले की 3 डेसिबल वाढतात, त्या हिशोबाने 1 मीटरवर साधारण 111. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल कमी होतात. म्हणजे 8 मीटरवर 93. समोरासमोरचं बोलणं 60 च्या आसपास असतं. पन्नास माणसांना 30 वॅट उरून पुरतात!

माझ्या डब्यात काय आहे?

स्पीकर: 10 इंची कोअ‍ॅक्शियल, म्हणजे मोठ्या स्पीकरच्या मधोमध बारीक आवाजाचा स्पीकर. डबा 12 मिलिमीटर प्लायचा, गावातल्या सुताराकडून करून घेतला. आतलं माप स्पीकरच्या कागदावर दिलेलं असतं तेच ठेवा. सांध्यांतून हवा गळता कामा नये.

अ‍ॅम्प: क्लास डी बोर्ड, टीपीए3116 चिपचा. हा तळहाताएवढा असतो आणि फार तापत नाही, कारण बॅटरीतली बहुतेक वीज स्पीकरपर्यंत पोचते. या चिपला 26 व्होल्टच्या वर देऊ नका.

बॅटरी: लिथियम आयर्न फॉस्फेट, 12.8 व्होल्ट, 12 अँपिअर-अवर, बीएमएससकट. साधारण 150 वॅट-अवर साठा. भजनात सतत पूर्ण आवाज नसतो, सरासरी 20 वॅट धरा, म्हणजे सहा तास आरामात. अ‍ॅम्पसाठी मध्ये 24 व्होल्ट करणारं बूस्ट मॉड्यूल. बॅटरीच्या प्लसला लगेच 10 अँपिअरचा फ्यूज लावा. हा विसरायचा नाही, वायर शॉर्ट झाली तर आग लागेल.

सुटे भाग पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळतात. माइक आणि छोटा मिक्सर सोडून सगळं 13 हजारांच्या आत झालं.

आता शिट्टीचं बघू. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, तो वाढून परत स्पीकरमधून येतो, परत माइकमध्ये शिरतो. प्रोग्रामिंगवाल्यांनो, हे संपतच नाही असं लूप आहे. ते तोडायचे तीन उपाय, तिन्ही फुकट.

एक, माइक तोंडाजवळ आणा. 40 सेंटिमीटरवरून 10 वर आणला की आवाज 12 डेसिबलने जास्त पकडला जातो. तेवढं अ‍ॅम्पने करायचं तर 16 पट वॅट!

दोन, स्पीकर गाणाऱ्यांच्या पुढे, स्टँडवर, लोकांकडे तोंड करून. कार्डिऑइड माइक मागून सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून माइकची पाठ स्पीकरकडे.

तीन, उगाच माइक चालू ठेवू नका. चालू माइक दुप्पट केले की शिट्टीआधीची जागा 3 डेसिबलने घटते. टाळाला माइक लागतच नाही, तो आधीच सगळ्यांच्या वर असतो. आम्ही फक्त दोन ठेवले, आबांना एक आणि पेटीला एक.

आणि नियम. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 बंद. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागासाठी ठरवलेल्या आवाजाच्या मर्यादेपेक्षा 10 डेसिबलच्या वर किंवा 75 च्या वर जाता कामा नये, यातलं जे कमी असेल ते. डबा छोटा म्हणून सूट नाही.

पुढच्या एकादशीला नवा डबा नेला. पाऊण तासात लाइट गेली. बाहेर अंधार, देवळात समई, आणि आबांचा आवाज चालूच. शेवटच्या ओळीतल्या मावशींना शब्द न् शब्द कळत होता. भजन संपल्यावर आबा डब्याजवळ आले, वर थाप मारली आणि म्हणाले, "पुढच्या वेळी एवढा जवळ नको ठेवू माइक, मिशा अडकतात."

म्हणजे पुढच्या वेळी येणार आहेत. तुम्ही बनवलात तर फोटो नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!