जिथे मामलेदाराचं देऊळ आहे!

नाशिक जिल्ह्यात, आराम नदीकाठच्या सटाण्यात गेलात की सरकारी पाट्या नीट वाचा. नगरपरिषद सटाण्याची, पण तहसील कचेरी आणि पंचायत समिती बागलाणची! हे नाव जुन्या राज्याचं. इथे बागूल राजे नांदले. मुल्हेर त्यांचं ठाणं, आणि तिथल्या टांकसाळीत महमुदी नाणी पडत. 1638 मध्ये शहजादा औरंगजेबाच्या फौजेने मुल्हेर घेतला आणि राज्य संपलं. नाव मात्र आजही सातबाऱ्यावर आहे.

1869 पर्यंत बागलाण खानदेशात होता. त्या साली नाशिक जिल्हा झाला आणि मालेगाव, नांदगावबरोबर बागलाणही तिकडे गेला. जिल्हा बदलला, बोली कशी बदलणार? सटाण्याच्या बाजारात अहिराणी अजून खणखणीत ऐकू येते.

आता खरी नवलाई. महसूल खात्याच्या अधिकाऱ्याचं देऊळ कुठे पाहिलंय? सटाण्यात आहे! यशवंत महादेव भोसेकर इथले मामलेदार. 1870-71 च्या दुष्काळात माणसं अन्नाला मोताद झाली, तेव्हा त्यांनी सरकारी खजिना उघडून 1 लाख 27 हजार रुपये वाटून टाकले, असं इथे घरोघरी सांगतात. वरून तपासणी आली, तिजोरी उघडली, तर रक्कम पैशापैशाने जुळली! चमत्कारावर विश्वास ठेवा किंवा नका ठेवू. वसुलीसाठी नेमलेला माणूस लोकांना देव वाटला, हीच मला मोठी गोष्ट वाटते. 11 डिसेंबर 1887 ला नाशिकला त्यांचं देहावसान झालं. मार्गशीर्ष वद्य एकादशीला सटाण्यात त्यांची यात्रा भरते, रथ निघतो.

पुढे 1966 च्या महसूल संहितेनंतर मामलेदारांचे तहसीलदार झाले. सटाण्याचे यशवंतराव महाराज मात्र कायमचे 'देवमामलेदार'च.

आणि जिल्हा परिषदा, पंचायत समित्या 1962 मध्ये आल्या म्हणून लोकांचा कारभार तेव्हा सुरू झाला असं समजू नका. आराम आणि मोसम नद्यांवर कित्येक पिढ्यांपासून फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली शिवाराचे फड. यंदा कोणता फड भिजवायचा, कोणतं पीक घ्यायचं, हे गावाने बसून ठरवायचं. एका फडात सगळ्यांचं पीक एकच. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांचा मोबदला शेतकऱ्यांनीच द्यायचा. पाण्याचा इतका शिस्तशीर हिशेब कायद्याच्या पुस्तकाशिवाय चालला, याचा अभिमान वाटायलाच हवा.

साल्हेर चढायला या तालुक्यात पुष्कळ जण येतात. 1,567 मीटरचा तो राज्यातला सर्वांत उंच किल्ला, तेव्हा चढाच! पण उतरल्यावर सटाण्यात थांबा, देवमामलेदारांचं दर्शन घ्या आणि एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला फडाविषयी जरूर विचारा.