आकडा, झटका आणि अंडरपास: वीज आणि रस्ते जंगलाच्या, गावाच्या कामी कसे येतात?

ऑगस्ट २०२३ मधला एक व्हिडिओ कदाचित तुमच्याही व्हॉट्सॲपवर आला असेल. गोंदिया जिल्ह्यात मुरदोलीच्या जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर रात्री एका कारची वाघाला धडक बसली होती. जखमी वाघ कसाबसा झाडीकडे जाताना त्यात दिसतो. उपचारासाठी नागपूरला नेताना तो वाटेतच मेला.

असा व्हिडिओ आला की ग्रुपमध्ये लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, जंगलातले रस्ते बंद करा. दुसरी म्हणते, मग आम्ही गावातून दवाखान्यात कसं जायचं? मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे ॲप बंद पडलं की "युजरने ते बटण दाबलंच कशाला?" असं म्हणून सुटका होत नाही. डिझाईन करताना तो युजर धरला होता का, हे आधी बघतात. रस्ता आणि विजेची तार यांनाही हाच प्रश्न विचारून बघू.

आधी नकाशा उघडा

फोनवर मॅप उघडा आणि प्रतापगड शोधा. साताऱ्याचा नाही, गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते, इथला दर्गाही प्रसिद्ध आहे. माझ्या मामाचं गाव याच भागात, त्यामुळे यात्रेच्या निमित्ताने माझं येणंजाणं असतं.

आता सॅटेलाइट व्ह्यू लावा आणि हळूहळू झूम आउट करा. आधी धानाच्या बांध्या आणि इटियाडोहचं पाणी दिसेल. मग नवेगावचं जंगल आणि त्याच्या उत्तरेला नागझिरा. कागदावर हा एकच व्याघ्र प्रकल्प आहे, नवेगाव-नागझिरा, २०१३ मध्ये जाहीर झालेला. प्रत्यक्षात मात्र हे हिरवे तुकडे वेगवेगळे आहेत. मधून राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो. गोंदिया–बल्लारशाह रेल्वे लाईन आहे. गावं, शेतं आणि विजेचे खांब तर सगळीकडेच.

वाघाचं पिल्लू साधारण दोन वर्षांचं झालं की आईपासून वेगळं होतं आणि स्वतःचा इलाखा शोधायला निघतं. त्यासाठी त्याला एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जावंच लागतं. या वाटेला कॉरिडॉर म्हणतात. मे २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या गेल्या. म्हणजे जंगलात वाघ वाढावेत म्हणून मेहनत सुरू आहे. पण वाढलेले वाघ चालणार कुठून? याच रेल्वे लाईनवर, पुढे चंद्रपूर जिल्ह्यात जुनोनाच्या जंगलाजवळ, नोव्हेंबर २०१८ मध्ये वाघाचे तीन बछडे गाडीखाली सापडले होते.

रस्ता: वरून गाडी, खालून वाघ

यावर चालणारा उपाय आपल्याच विदर्भात उभा आहे. नागपूरहून जबलपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो. चौपदरीकरणाच्या वेळी पर्यावरणप्रेमी कोर्टात गेले, वन्यजीव संस्थेने अभ्यास केला, आणि महाराष्ट्राच्या हद्दीत या रस्त्यावर प्राण्यांसाठी ९ ठिकाणी अंडरपास आणि छोटे पूल बांधले गेले. त्यातला सर्वांत लांब ७५० मीटरचा आहे. तेवढ्या अंतरात रस्ता खांबांवर उचललेला आहे आणि खाली जंगल जसंच्या तसं सुरू राहतं.

प्राणी खरंच खालून जातात का? हे कॅमेरा ट्रॅपने तपासलं. या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड सेन्सर असतो. आजूबाजूच्या हवेपेक्षा वेगळ्या तापमानाचं काही समोरून हललं की तो आपोआप फोटो काढतो. मार्च ते डिसेंबर २०१९ या काळात १८ जातींचे वन्यप्राणी या वाटांवर टिपले गेले. वाघ ८९ वेळा दिसला.

इथे डिझाईनचे तीन मुद्दे कामाला आले. पहिला, जागा. प्राणी आधीपासून जिथून ये-जा करत होते, तिथेच वाट ठेवली. दुसरा, रुंदी. अरुंद, अंधारा बोगदा असेल तर चितळ आत पाय ठेवत नाही, कारण त्याला पलीकडचं मोकळं दिसावं लागतं. तिसरा, आवाज आणि उजेड. रस्त्याच्या कडेने भिंतीसारखे अडथळे लावले, की ट्रकचे हेडलाईट आणि हॉर्न खाली कमी पोचतात.

गावाचा फायदाही सरळ आहे. ज्या पट्ट्यात रस्ता उचललेला आहे, तिथे रात्री बाईकसमोर अचानक रानडुक्कर किंवा नीलगाय येत नाही. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावरही प्राण्यांसाठी वरून आणि खालून जाणाऱ्या वाटा ठेवल्या आहेत.

तार: आकडा मारतो, झटका परतवतो

रस्त्यावरचा मृत्यू दिसतो, व्हायरल होतो. शेतातला दिसत नाही. धान लोंबीवर आलं की रानडुकरांचा कळप एका रात्रीत बांधी लोळवतो. वर्षभराची कमाई जाताना बघून काही जण विजेच्या लाईनवर आकडा टाकतात आणि शेताभोवती उघड्या तारेत करंट सोडतात. त्यात डुक्कर मरतं, वाघ मरतो, आणि पहाटे बांधावरून जाणारा शेजारीही मरतो.

याला पर्याय आहे सौर कुंपण, गावच्या भाषेत झटका मशीन. लोक विचारतात, त्यातही हजारो व्होल्ट असतात, मग माणूस मरत कसा नाही?

कारण जीव घेतो तो शरीरातून जाणारा करंट आणि तो किती वेळ वाहतो ते. आकड्याच्या तारेत करंट सलग असतो. हात लागला की स्नायू आखडतात, पकड सुटत नाही आणि करंट वाहतच राहतो. हृदयाचे ठोके बिघडायला तेवढं पुरतं. झटका मशीन वेगळं चालतं. सोलर पॅनल बॅटरी चार्ज करतं, मशीन ती ऊर्जा कपॅसिटरमध्ये साठवतं आणि साधारण सेकंदाला एक छोटा ठोका तारेत सोडतं. ठोका सेकंदाच्या अगदी लहानशा भागापुरता असतो, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात प्राणी मागे हटू शकतो. मानकानुसार एका ठोक्याची ऊर्जा ५ ज्यूलपर्यंतच असायला हवी. अर्धा किलो साखरेची पुडी एक मीटर वर उचलायला साधारण एवढीच ऊर्जा लागते. डुक्कर दचकून पळतं, पण जिवंत राहतं.

एक इशारा मात्र लक्षात ठेवा. मशीन मानकाप्रमाणे बनवलेलंच घ्या. घरच्या लाईनवरून थेट तारेत करंट सोडणारा जुगाड म्हणजे झटका मशीन नव्हे, तो आकडाच. जंगलालगतच्या गावांत अशा कुंपणासाठी राज्य सरकारच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळतं. आकडा टाकणं ही वीजचोरी आहे, आणि त्यात वन्यप्राणी मेला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीही गुन्हा लागतो.

सारस आणि तारांमधलं अंतर

महाराष्ट्रात सारस पक्षी आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे. तो धानाच्या बांधीत घरटं करतो, म्हणजे त्याचं घर शेतकऱ्याच्याच जमिनीत आहे.

एकाच तारेवर बसलेल्या चिमणीला शॉक बसत नाही, कारण तिचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात आणि करंटला तिच्यातून दुसरीकडे जायला वाट नसते. सारसाचं तसं नाही. त्याच्या पसरलेल्या पंखांची लांबी सुमारे अडीच मीटरपर्यंत जाते. उडताना दोन पंख दोन वेगळ्या तारांना लागले की सर्किट पूर्ण होतं. शिवाय एवढा जड पक्षी तार अगदी समोर आल्यावर पटकन वळूही शकत नाही.

उपाय साधे आहेत. घरट्यांच्या परिसरात तारांवर इन्सुलेशन चढवायचं, लांबून दिसतील असे बर्ड डायव्हर्टर लटकवायचे, किंवा केबल जमिनीखालून न्यायची. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांचा विषय स्वतःहून हाती घेतला, तेव्हा या तारांचा मुद्दाही पुढे आला. इन्सुलेटेड तारेचा फायदा गावालाही होतो. वादळात फांदी पडली तरी लगेच शॉर्टसर्किट होत नाही, आणि तारेवर सहज आकडाही टाकता येत नाही.

दिवसा वीज म्हणजे वाघाशी कमी गाठभेट

मला सगळ्यांत जास्त पटलेली गोष्ट ही. मागच्या यात्रेला मामाला विचारलं, "मामा, बिबट्या फिरतो म्हणता, मग रात्री शेतात जाता कशाला?" मामा म्हणाला, "लाईन रात्री येते तं रात्रीच जावं लागते ना बाबू. मोटर का दिवसा चालते?"

शेतीची थ्री-फेज वीज चक्राकार मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की शेतकरी बॅटरी घेऊन अंधारात बांधावर जातो, आणि नेमकी तीच वेळ वाघ, बिबट्या, अस्वल आणि सापांची असते. म्हणजे विजेचं टाइमटेबलच माणूस आणि प्राणी यांना समोरासमोर आणतं.

सूर्य दिवसा असतो, त्यामुळे इथे सौरऊर्जा नेमकी बसते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सबस्टेशनजवळ छोटे सौर प्रकल्प उभारून कृषी फीडरला दिवसा वीज देतात. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याला १० टक्के, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्केच रक्कम भरून स्वतंत्र सौर पंप मिळतो. ओलित दिवसा झालं की रात्रीची एक फेरी वाचते. यात वाघाला कळेल असं काहीच बदललेलं नाही. फक्त माणूस त्याच्या वेळेला त्याच्या वाटेत येत नाही.

यातही बग आहेत

एकाच शेतकऱ्याने कुंपण केलं तर डुकरं शेजारच्या बांधीत जातात. म्हणून सगळ्यांनी मिळून केलेलं कुंपण चांगलं. पण तेही प्राण्यांची वाट सोडून घालावं लागतं, नाहीतर कॉरिडॉरच बंद होतो. तारेला गवत टेकलं की झटका जमिनीत उतरतो, त्यामुळे गवत कापत राहावं लागतं. सौर प्रकल्प गायरानावर आला तर गुरं चारायची कुठे, हे ग्रामसभेत आधीच ठरायला हवं. आणि अंडरपास नंतर बसवणं महाग पडतं, कारण तयार रस्ता फोडावा लागतो. तो नकाशा काढतानाच धरावा लागतो.

फोन हातात आहेच, मग हे करा

लोंबती तार किंवा आकडा दिसला तर महावितरणला १९१२ वर कळवा. तारेला हात लावू नका. जखमी किंवा अडकलेला प्राणी दिसला तर वनविभागाची हेल्पलाइन १९२६. लोकेशन सांगा, लांब थांबा, गर्दी जमवू नका. जंगलातल्या रस्त्यावर रात्री स्पीड कमी ठेवा. घरी कोणी झटका मशीन घेत असेल तर ते मानकाप्रमाणे आहे का, हे दुकानात तुम्ही विचारा.

आणि तुमच्या भागात नवीन रस्ता किंवा लाईन येणार असेल, तर ग्रामसभेत एकच प्रश्न टाका: "यात जनावरांची वाट धरली आहे का?" मामाला मी हेच सांगून आलो. पुढच्या ग्रामसभेत विचारतो म्हणाला.